अवजड यंत्रे चालविणाऱ्या तरुणांचे शिक्षण आणि दाखला

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यातील व्याख्यानाचा विषय बहुधा संतवाङ्मय, इतिहास अथवा ज्ञातीची प्रगती असा असतो. त्या मानाने यंदा आम्ही चालकांकडून मागून घेतलेला विषय रुक्ष आहे. क्रेन, पोकलेन, जेसीबी, डंपर, रोलर ही यंत्रे चालविणारी आपली मुले ती कोठे शिकतात, त्यांना ती येतात हे कोण ठरवितो, आणि तसे ठरविल्याचा कागद कोणाजवळ असतो, एवढाच तो आहे. आमची उभी हयात कारखान्यांच्या देखभाल खात्यांत गेली. वजने उचलणारी यंत्रे व ती चालविणारी माणसे यांच्याच सहवासात गेली. तेव्हा विषय रुक्ष असला तरी आमच्या अधिकाराबाहेरचा नाही, एवढी सवलत श्रोत्यांनी द्यावी.

आंबिवलीकरांना तर तो परका वाटण्याचे कारणच नाही. सन १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोहने येथील कारखाना आपल्या डोळ्यांसमोर वाढला आणि डोळ्यांसमोरच सन २००९ मध्ये बंद पडला. त्या कारखान्याने दोन पिढ्या पोसल्या हे सर्वजण सांगतात. एवढ्या मोठ्या कारखान्याने दोन पिढ्या शिकविल्या, हे मात्र फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. मोठ्या कारखान्यात शिस्तीची एक शाळा आपोआप चालत असते. सन १९७६ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात अशी तरतूद आली की, एक हजार वा त्याहून अधिक कामगार असतील तेथे सुरक्षा अधिकारी नेमलाच पाहिजे. बॉयलरवर दाखला असलेलाच माणूस बसे. नवीन आलेल्या मुलाला पहिले कित्येक महिने केवळ ‘हात लावू नकोस’ एवढेच ऐकावे लागे. त्याचा त्या काळी राग येई; पण हात केव्हा लावावयाचा हे ठरविणारा कोणी तरी तेथे होता. कारखाना बंद पडल्यावर कामगारांच्या थकलेल्या देण्यांविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते बोललेच पाहिजे. परंतु त्याबरोबर जी शाळा मिटली, तिची मोजदाद कोणी केली नाही.

त्या कामगारांची मुले व नातू आज कोठे आहेत? गेल्या काही वर्षांत या टापूत समृद्धी महामार्ग, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, कल्याण-कसारा तिसरा लोहमार्ग अशी एकापाठोपाठ एक कामे निघाली, आणि टोलेजंग इमारतींची तर गणतीच नको. या साऱ्या ठिकाणी आपली मुले यंत्रांवर आहेत. जमीन गेलेल्या काही घरांतून मोबदल्याच्या पैशातून यंत्रेच विकत घेतली गेली. म्हणजे या सभागृहात पुढच्या रांगांत यंत्रांचे मालक बसले आहेत आणि मागच्या रांगांत चालक. उभयतांना एकाच वेळी ऐकविण्याची अशी संधी वर्षातून एकदाच येते, म्हणून मेळाव्याचा दिवस आम्ही निवडला.

मुलगा यंत्र शिकतो कसा, ते पाहा. प्रथम तो हेल्पर म्हणून लागतो. काच पुसणे, ग्रीस भरणे, डिझेलचे कॅन उचलणे, चहा आणणे ही त्याची कामे. उस्तादाच्या शेजारी उभे राहून तो दांडे कसे हलतात हे पाहतो. पुढे एके दिवशी उस्ताद जेवावयास जातो, ठेकेदाराला घाई असते, आणि मुलगा आसनावर बसतो. त्या दिवसापासून तो ऑपरेटर. कोणी परीक्षा घेतली नाही, कोणी सही केली नाही. महिन्याच्या पगारात काही हजारांची भर पडली हाच त्याचा दाखला.

ही पद्धत आम्ही तुच्छ मानीत नाही. आपल्याकडचे सारे हुन्नर याच रीतीने बापाकडून मुलाकडे आले, आणि पाहून शिकलेला हात पुस्तकी हातापेक्षा कित्येकदा सफाईदार असतो. पण ऐरणीवर चूक झाली तर विळा वाकडा होई. तो परत तापवून सरळ करता येई. येथे चूक झाली तर बहुधा दुसऱ्याचा जीव जातो, आणि तो दुसरा म्हणजे खाली उभा असलेला खलाशी, अथवा नुकताच लागलेला नवा हेल्पर. शिवाय या यंत्रांत काही गोष्टी अशा आहेत की त्या डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून पाहून शिकताही येत नाहीत.

क्रेनचेच घ्या. आपली जुनी माणसे तिला यारी म्हणत. ‘पंचवीस टनी’ क्रेन म्हटली की ती पंचवीस टन उचलते अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः तो आकडा बूम अगदी जवळ असताना, जॅक पूर्ण बाहेर काढून कठीण व सपाट जमिनीवर टेकले असतानाचा असतो. वजन क्रेनपासून जसजसे दूर जाते तसतशी तिची शक्ती घटते, आणि ती दूरवर गेली की पंचवीसाचे दोन-तीन टनही राहत नाहीत. दोन टनांचे वजन तीन मीटरवर असेल तर उलथविणारा जोर सहा टन-मीटर. तेच वजन सहा मीटरवर गेले की बारा. वजन तेच, हूक तोच, दांडाही तसाच हलतो. पण यंत्र उलटण्याच्या बेताला आलेले असते. कोणत्या लांबीला किती वजन हा हिशेब क्रेनच्या केबिनमध्ये लावलेल्या तक्त्यात दिलेला असतो. तो तक्ता बहुधा इंग्रजीत असतो, त्यावर धूळ असते, आणि कित्येक केबिनांत तर त्याच जागी देवाची तसबीर चिकटविलेली आम्ही पाहिली आहे. देवाला आमचा विरोध नाही. त्याला दुसरी जागा द्यावी.

दोराचेही तसेच. एका वजनाला दोन बाजूंनी स्लिंग लावून ते हुकात अडकविले तर अर्धे-अर्धे वजन दोहोंवर पडेल असे साधी बुद्धी सांगते. स्लिंग उभे असतील तर ते खरे आहे. पण ते पसरले, आणि आडव्या रेषेशी त्यांचा कोन साठ अंशांचा झाला, तर प्रत्येकावर वजनाच्या सुमारे अठ्ठावन्न शतांश ताण येतो. कोन तीस अंशांवर आला की प्रत्येक दोरावर संपूर्ण वजनाइतका ताण पडतो. म्हणजे एक टन उचलताना दोन दोर लावूनही प्रत्येकाने एक टन पेलावयाचा. अनुभवी खलाशी ‘दोर फार पसरू नका’ असे म्हणतो ते यामुळेच. मात्र का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून घाईच्या वेळी तोही ते विसरतो.

तारेविषयी दोन शब्द. आपल्या लोहमार्गावरील तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. एवढ्या दाबाच्या तारेला बूम प्रत्यक्ष लागावा लागत नाही. पुरेसा जवळ आला तरी प्रवाह झेप घेतो. आणि लागलाच तर चालकाने खाली उतरण्याची घाई करू नये, प्रवाह बंद होईपर्यंत केबिनमध्येच थांबावे. यंत्राने पेट घेतला तरच बाहेर पडावे, आणि तेही पायरीवरून न उतरता, यंत्र व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारून. नंतर पावले न टाकता पाय जमिनीवर घासत दूर जावे. सभागृहातील किती ऑपरेटरांना हे कोणी सांगितले होते? आम्ही हात वर करावयास सांगत नाही. ज्याचे त्याने मनाशी उत्तर द्यावे.

ज्याला आपण हायड्रा म्हणतो ती क्रेन या परिसरात फार. वजन लटकावून ती चालते, हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. तिचा सांधा मधोमध वळतो, आणि वळताना तिचा तोल कमी होतो. पुढे आलेल्या बूममुळे चालकाला पुढचे नीट दिसत नाही, आणि नेमका तेथेच हेल्पर हलणारे वजन हाताने धरून चालत असतो. त्या वजनाला लांब दोरी बांधावी व माणसाने ती धरून दूर राहावे, एवढा साधा नियम पाळला गेला तरी कित्येक घरांतील कर्ती माणसे वाचतील.

आता कायद्याकडे वळू. सन १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २९ अन्वये वजन उचलणारे यंत्र, त्याची साखळी, दोर व हूक यांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी होणे आवश्यक होते. ती तपासणी कागदावर येई, आणि कागद नसला तर जाब विचारता येई. आणि आत बसलेला माणूस? त्याच्याविषयी नियमांत शब्द असे होते की, अठरा वर्षांखालील तसेच पुरेसा समर्थ व भरवशाचा नसलेला मनुष्य चालक म्हणून अथवा चालकाला इशारे देण्यासाठी नेमू नये. शब्द उत्तम आहेत. इशारे देणाऱ्याचीही आठवण ठेवली आहे. परंतु ‘पुरेसा’ हे ठरवावयाचे कोणी? ज्याला उद्या सकाळी काम उरकावयाचे आहे त्यानेच. साखळीची परीक्षा तिऱ्हाइताने घ्यावयाची आणि माणसाची मालकाने स्वतः, असा हा न्याय होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा हे दोन्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाले आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे अशी तरतूद या संहितेत आहे, ती आपल्या मुलांना उपयोगी पडेल. कारण आजवर कित्येकांची नेमणूक फोनवरच्या दोन वाक्यांत होत आली आहे.

बॉयलरच्या बाबतीत मात्र सरकार पूर्वीपासून निराळे वागत आले. सन १८६३ मध्ये कलकत्त्यास बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा झाला. देशासाठी १९२३ चा कायदा आला आणि त्याच्या जागी २०२५ चा नवा आला. दाखला मिळविलेल्या माणसाच्या ताब्यात असल्याखेरीज बॉयलर चालवू नये, हे तत्त्व मात्र अबाधित राहिले. तो दाखला मालक देत नाही. सरकारी परीक्षक मंडळ परीक्षा घेऊन देते. आमच्या माहितीतील बॉयलरवरची माणसे तो दाखला काचेत मढवून भिंतीवर लावीत, आणि त्याच्या बळावर वरिष्ठालाही ‘या दाबावर चालणार नाही’ असे सांगत. कागदाचे खरे सामर्थ्य तेथे आम्हाला उमगले. दाखला नसलेला मुलगा नाही म्हणू शकत नाही. त्याच्या जागी बसावयास दुसरा दाखला नसलेला मुलगा दारातच उभा असतो.

कोणी म्हणतील, आमच्याजवळ परिवहन खात्याचा परवाना आहे. असावाच. पण तो परवाना यंत्र रस्त्यावरून नेता येते असे सांगतो. वजन उचलता येते असे सांगत नाही. डोळ्यांचेही तेच. बांधकामासंबंधीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत अशा चालकांची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी, पुढे चाळिशीपर्यंत दोन वर्षांतून एकदा व त्यानंतर दरवर्षी करण्याची तरतूद होती. दृष्टी, श्रवण, हातांची पकड, डोळे-हात-पाय यांचा मेळ हे सर्व तीत होते. किती ठेकेदारांनी ती केली, हे आपण सर्व जाणतोच.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास, शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता गर्डर बसविणारे यंत्र कोसळले आणि वीस माणसे मृत्युमुखी पडली. आंबिवलीहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की त्याच शहापूर तालुक्यातून जावे लागते. इतके ते आपल्याला जवळचे. मृतांतील बहुतेक परप्रांतांतून पोटासाठी आलेले होते. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १ ऑगस्ट २०२० रोजी, विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये नव्या क्रेनची भारचाचणी चालू असताना ती पडून अकरा जण गेले. अशा अपघातांचे खापर कोणा एका चालकाच्या डोक्यावर फोडण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. उलट चालक हा साखळीतील एकच दुवा असतो, हेच त्यांतून दिसते.

न्यूयॉर्क शहरात १५ मार्च २००८ रोजी मनोऱ्याची क्रेन कोसळून सात माणसे मेली. तेथे चालकाच्या हातून काही झाले नव्हते. क्रेनची उंची वाढविताना एक जड पोलादी कडे ज्या कृत्रिम धाग्याच्या पट्ट्यांनी टांगले होते ते पट्टे तुटले. बांधणारा खलाशीही शिकलेला हवा, हा त्याचा अर्थ. अमेरिकेत सन २०१० मध्ये क्रेनविषयी नवे नियम झाले. पण चालकांच्या दाखल्याची सक्ती वारंवार पुढे ढकलली जाऊन अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये अमलात आली. श्रीमंत देशातही ठेकेदारांची कुरकुर असते, हे ऐकून आपल्याकडच्या मंडळींना बरे वाटेल! त्या नियमांतील एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. प्रथम शिक्षण, मग बाहेरच्या संस्थेचा दाखला, आणि त्यानंतरही ज्या विशिष्ट यंत्रावर बसावयाचे त्यावर मालकाने घेतलेली प्रत्यक्ष पारख, अशा तिन्ही पायऱ्या तेथे आवश्यक मानल्या आहेत. दाखला मिळाला म्हणजे सर्व यंत्रे आली असे होत नाही.

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत असे नव्हे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, तिचे कार्यालय नवी मुंबईत आहे. शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. यंत्रचालकांच्या कौशल्यासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था आहे. तिच्या अभ्यासक्रमांत बॅकहो लोडर, एक्स्कॅव्हेटर, क्रेन यांच्या चालकांचे निरनिराळे दर्जे ठरविलेले आहेत. जो आधीच यंत्र चालवितो त्याला पूर्वीच्या कौशल्याची मान्यता मिळावी म्हणून थोड्या मुदतीचा वर्ग व चाचणी असाही मार्ग काढलेला आहे. या मार्गात एक खाच आहे, ती आधीच सांगून ठेवतो. थोड्या दिवसांचा वर्ग म्हणजे फोटो काढून घ्यावयाचा व कागद घेऊन यावयाचा, असे काही ठिकाणी होते. अशा कागदाने नोकरी मिळते. तक्ता वाचता येत नाही. वर्गाहून परतलेल्या मुलाला घरच्यांनी एवढेच विचारावे : सहा मीटरवर तुझी क्रेन किती उचलते? तो गप्प राहिला तर त्याला परत पाठवावे.

मालकबंधूंना आमचे थोडे अधिक सांगणे आहे. यंत्राचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो, यंत्र एक दिवस उभे राहिले की पोटात गोळा येतो, हे आम्ही जाणतो. चालक आठ दिवस वर्गाला गेला तर भाडे बुडते. पण तुम्ही यंत्राचा विमा उतरविता, दर इतक्या तासांनी तेल बदलता, आणि ज्याच्या हाती ते लाखो रुपयांचे यंत्र देता त्याच्यावर मात्र वर्षाकाठी एक पैसाही खर्च करीत नाही, हा कोणता व्यवहार? अपघात झाल्यावर पोलिसांत नाव तुमचेही लागते. त्यातून चालक आपल्याच भावकीतला असला म्हणजे तर पाहावयासच नको. एकाच वाड्यात एक घर सुतकात आणि दुसरे कोर्टात.

चालकांनीही एक ध्यानी ठेवावे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात कामगाराला सुरक्षेचे शिक्षण मागण्याचा व धोका दिसताच तो कळविण्याचा हक्क घालण्यात आला. धोका मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क नव्या संहितेतही आहे. ‘थांब’ हा इशारा कोणीही दिला, अगदी कालच लागलेल्या पोरानेही दिला, तरी यंत्र थांबलेच पाहिजे, हा जगभर मानलेला नियम आहे. त्या पोरावर ओरडू नये, एवढे आपल्या हाती आहे.

मंडळाकडे आता तीन मागण्या. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांना साहाय्य दिले जाते, ते योग्यच आहे. त्याच निधीतून दरवर्षी काही रक्कम यंत्रचालक व खलाशी यांच्या शिक्षणासाठी वेगळी काढावी. शुल्क तर द्यावेच, पण वर्गाच्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीचा काही भागही द्यावा, नाही तर गरजू मुलगा येणारच नाही. गुणगौरवाच्या वेळी दहावी-बारावीच्या मुलांबरोबर त्या वर्षी दाखला मिळविलेल्या चालकालाही याच व्यासपीठावर बोलवावे. नारळ तोच, शाल तीच. तिसरी मागणी ऐकून काही जण हसतील. आपल्या वधू-वर सूचक यादीत ‘स्वतःचा जेसीबी’ अशी नोंद अभिमानाने छापली जाते. आता जेसीबी हे एका इंग्रज कारखानदाराच्या नावाचे, जोसेफ सिरिल बॅमफर्डचे, आद्याक्षर. त्याने १९४५ साली इंग्लंडात उद्योग सुरू केला आणि त्याचे नाव आपल्या लग्नपत्रिकांपर्यंत येऊन पोहोचले! त्या नोंदीपुढे ‘चालकाचा दाखला : आहे किंवा नाही’ असा एक रकाना छापावा. मुलीच्या बापाने तो वाचला की आमच्या दहा व्याख्यानांचे काम होईल.

कार्यकारी मंडळाची पुढील सभा झाल्यावर या मागण्यांचा निर्णय सर्वांना कळेलच. तोपर्यंत ज्यांना वर्गास जावयाचे आहे त्यांनी आपले वय, शिक्षण, किती वर्षे कोणते यंत्र चालविले आणि परिवहन खात्याचा परवाना आहे काय, हे लिहून दाराजवळच्या मेजावर द्यावे. बांधकामावर ९० दिवस काम केल्याचा दाखला ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी कामगार कल्याण मंडळाकडे नाव नोंदविले नसेल तर तेही लिहावे. तो अर्ज भरून देण्यास आमच्यापैकी दोघे जण जेवणानंतर तेथेच बसणार आहेत.